पट आणि फासे

बडोद्यातील एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ऑस्ट्रियाचे राज्य हाती घेतले. राज्य संगणकाच्या पडद्यावरचे होते आणि ते त्यांना बहाल केले होते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या नातीने. दिवाळीच्या सुटीत आलेली ही मुलगी आजोबांच्या जुन्या टेबलावर आपले यंत्र मांडून रात्री उशिरापर्यंत राजेमहाराजांशी तह करीत बसे. एके रात्री प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्यात डोकावून पाहिले, बोहेमियाची सीमा बरोबर दाखवली आहे असा अभिप्राय दिला, आणि तेथेच ते अडकले. पुढचे तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतर त्या टेबलापाशी दोन खुर्च्या लागू लागल्या.

‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा तो खेळ. फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराचा याच नावाचा पटावरचा खेळ १९९३ साली निघाला होता; २००० साली स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या संस्थेने तो संगणकावर आणला. २०२५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली असली, तरी नातीच्या यंत्रावर होती ती २०१३ची चौथी. तीत खेळणारा एखादे राज्य निवडतो आणि ११ नोव्हेंबर १४४४ पासून १८२१च्या आरंभापर्यंत ते चालवतो. काळ दिवसादिवसाने पुढे सरकत असतो. हवा तेव्हा तो थांबवता येतो. कर बसवणे, सोयरिकी जुळवणे, कर्ज काढणे, किल्ल्यांना वेढे घालणे, परधर्मीयांशी निभावून नेणे, अशी राजकारणाची बहुतेक कामे त्यात असतात आणि ती कंटाळवाणी वाटत नाहीत, हीच खरे तर आश्चर्याची गोष्ट.

आरंभाची ही तारीख प्राध्यापकांना प्रथम विचित्र वाटली, आणि मग एकदम उमगली. आदल्याच दिवशी वार्ना येथे पोलंड आणि हंगेरीचा वीस वर्षांचा राजा व्वादिस्वाव सुलतानाच्या खास फौजेवर घोडा घालून मारला गेला होता. म्हणजे खेळ सुरू होतो तो एका तरुणाच्या उतावळेपणामुळे रिकाम्या झालेल्या सिंहासनापासून. त्या दिवशी त्याने लगाम आवरला असता, तर हंगेरीचा पुढचा इतिहास कसा झाला असता, याचे उत्तर कोणत्याही अभिलेखागारात नाही. खेळाच्या रचनाकारांनी मात्र इतिहासाचा पहिला फासा स्वतः टाकून घेतला आहे आणि पुढचे फासे खेळणाऱ्यावर सोपवले आहेत.

हे फासे शब्दशः फासे आहेत. लढाईच्या प्रत्येक टप्प्यात दोन्ही बाजूंसाठी शून्य ते नऊ यांमधला एक आकडा यंत्र काढते. त्यात सेनापतीचे कसब मिळवले जाते. नदी ओलांडून किंवा डोंगरावर चढून हल्ला करणाऱ्याचे गुण कापले जातात. वेढ्याचा फासा चौदा अंकांचा. त्यात एक पडला की वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत रोगराई शिरते. राजपुत्र जन्मतो तो कारभार, परराष्ट्रनीती आणि युद्ध या तीन अंगांत शून्य ते सहा असे गुण बरोबर घेऊन, आणि ते कोणाच्या हातात नसतात. शिवाय अधूनमधून आकाशात धूमकेतू उगवतो आणि राज्याचे स्थैर्य एका पायरीने घसरते! त्यावर खेळणाऱ्याने काय करावे? काहीच करता येत नाही. हताशपणाचे चारपाच प्रकार पडद्यावर उमटतात, त्यांतला एक निवडायचा. इ. स. १०६६ मध्ये दिसलेला हॅलेचा धूमकेतू बायोच्या भरतकाम केलेल्या पटावर भयचकित माणसांसह कोरला गेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातला विनोद अधिक कडू लागतो.

या प्रकारच्या खेळांचे जे निष्ठावंत असतात, त्यांच्यात एक वाद कायम धुमसत असतो. एक पक्ष म्हणतो, फाशांमुळे बुद्धीचा अपमान होतो. वीस वर्षांच्या आखणीवर एका अंकाने पाणी फिरावे, हा खेळ नव्हे, सोडत झाली. दुसरा पक्ष म्हणतो, फासे नसतील तर हे इतिहासाचे सोंग कशाला, बुद्धिबळच खेळा. वाद नवा आहे असे दोन्ही पक्षांना वाटते. वस्तुतः तो दीड हजार वर्षांचा तरी आहे. बुद्धिबळाचे मूळ जे चतुरंग, त्याचा चार जणांनी फाशांवर खेळण्याचा प्रकार अल्-बिरूनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानच्या वर्णनात नोंदवून ठेवला आहे. आणि एक पहलवी कथा तर या वादाचे बीजच सांगते. हिंदुस्थानच्या राजाने खुस्रो अनुशिर्वानाकडे चतुरंगाचा पट पाठवला आणि त्याचे मर्म ओळखा असे आव्हान दिले. वजीर बुजुर्गमिहिराने ते ओळखले; पण तेवढ्यावर न थांबता त्याने उलट नर्द हा फाशांचा खेळ रचून हिंदुस्थानात पाठवला. त्याच्या तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस आणि रात्री. त्याचे फासे म्हणजे ग्रहताऱ्यांचे फिरणे. एका दरबाराने बुद्धीचा पट पाठवावा आणि दुसऱ्याने दैवाचा पट परत करावा, यापेक्षा नेमका पत्रव्यवहार राजकारणाच्या इतिहासात क्वचित झाला असेल.

युद्धशास्त्र शिकवणाऱ्यांनाही हा पेच सुटलेला नाही. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली धाकट्या राइसवित्सने युद्धाभ्यासाचा जो खेळ सादर केला, त्यात गोळीबाराची हानी फाशांनी ठरे. पुढे १८७६ साली वेर्दी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने फासे आणि नियमांचे जंजाळ बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. परंतु पंचाचा निर्णय म्हणजे तरी काय? खेळणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो दुसऱ्या माणसाच्या डोक्यात पडणारा फासाच.

प्राध्यापकांना या वादात सुरुवातीला रस नव्हता. ते अर्थातच नियोजनाच्या पक्षाचे होते. पस्तीस वर्षे त्यांनी ‘कारणे लिहा’ हा प्रश्न घातला आणि तपासला होता. दैव हे कारण म्हणून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी कधी अर्धा गुणही दिला नव्हता. तेव्हा खेळातही त्यांनी पद्धतशीर पावले टाकली. हंगेरी, बर्गंडी, कास्तिल यांच्याशी सोयरिकी केल्या. कर्ज टाळले. युद्धात नदी पाठीशी नव्हे, समोर राहील अशी जागा निवडली. आणि तरी एका डोंगराळ प्रांतात, दुप्पट फौज असताना, त्यांचा सपशेल पराभव झाला. शत्रूला ओळीने आठ-नऊ पडत गेले, त्यांना एक आणि शून्य. ते खुर्चीत ताठ बसले. नात सहज म्हणाली, “आबा, मागचा सेव्ह उघडा ना. लढाईच्या आधीचा आहे.” त्यांनी उघडला. लढाई पुन्हा झाली, त्यांनी जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले असता त्यांनी आपल्या सोबत्याला आल्प्समधील विजयाची कारणे सांगितली. तीन कारणे होती. मागचा सेव्ह हे त्यांत नव्हते.

ही लबाडी एकट्या प्राध्यापकांची नाही. जिंकलो ते बेत अचूक होता म्हणून आणि हरलो ते फासे फिरले म्हणून, अशी खेळणाऱ्याची धारणा इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी खेळ बदलावे लागले आहेत. सिड मायर या अमेरिकी रचनाकाराने २०१०च्या एका भाषणात आपल्या एका खेळाची हकीकत सांगितली होती. तिप्पट बळ असताना चारातून एकदा हरणे हे गणिताने योग्य. पण चाचणी घेणाऱ्यांना तो अन्याय वाटे. तेच लोक स्वतः दुबळ्या बाजूला असताना चारातून एकदा जिंकले, तर त्यांना त्यात काहीच गैर वाटत नसे. अखेर खेळाचे आकडेच त्यांच्या भावनेप्रमाणे वाकवण्यात आले. प्रामाणिक फासा अप्रामाणिक वाटतो म्हणून त्याला थोडा अप्रामाणिक करावा लागला. इतिहासलेखनाच्या अभ्यासकाने या हकीकतीवर थोडा वेळ थांबावे. यशस्वी घराण्यांच्या बखरी, चरित्रे, जयंत्यांची भाषणे यांतून वाकवलेल्या फाशांचा आवाज येतो की नाही, ते त्याने कान देऊन ऐकावे.

ऑस्ट्रियाचेच पाहा. ज्या हाब्सबुर्ग घराण्याचे राज्य प्राध्यापक चालवीत होते, त्याची कीर्ती विवाहनीतीवर उभी आहे. त्या नीतीचा गौरव करणाऱ्या प्रसिद्ध लॅटिन वचनात ऑस्ट्रियाला ‘फेलिक्स’ हे विशेषण आहे. त्या शब्दाचा अर्थ सुखी असा होतो आणि सुदैवी असाही. दुसरा अर्थ अधिक खरा. बर्गंडीचा ड्यूक शार्ल हा ५ जानेवारी १४७७ रोजी नांसीच्या लढाईत पडला. मागे एकुलती एक मुलगी मेरी. त्याच वर्षी सम्राटपुत्र मॅक्सिमिलियनशी तिचे लग्न झाले. येथवर नियोजन म्हणता येईल. पाचच वर्षांनी ती घोड्यावरून पडून वारली. तिचा मुलगा फिलिप याचा विवाह १४९६ मध्ये स्पेनच्या राजकन्येशी, होआनाशी, झाला तो फ्रान्सला शह देण्यासाठी. तिच्यापुढे वारसाहक्काच्या रांगेत भाऊ होता, थोरली बहीण होती. स्पेनचे राज्य मिळवावे असा बेत त्या मांडवात कोणी केला असता, तर त्याला वेड्यात काढले असते. पण १४९७ मध्ये भाऊ वारला. त्याची विधवा, जी मॅक्सिमिलियनचीच मुलगी, तिच्या पोटी मृत मूल जन्मले. १४९८ मध्ये बहीण बाळंतपणात गेली. तिचा मुलगा मिगेल १५०० साली, दोन वर्षांचाही नसताना गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गेन्ट येथे होआनाला झालेला मुलगा चार्ल्स हा पुढे स्पेनचा राजा आणि १५१९ मध्ये सम्राट झाला. चार मृत्यू, त्यांतले दोन तान्ह्यांचे. आणि त्यांवर उभे राहिलेले, मेक्सिकोपासून हंगेरीच्या वेशीपर्यंत हात पोचलेले साम्राज्य. (५ जानेवारी ही तारीखच मोठी विलक्षण. १७६२ साली याच तारखेला रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली आणि पुरता कोंडीत सापडलेला प्रशियाचा फ्रेडरिक वाचला. अशी घटना खेळात घडली तर शत्रूपक्षाकडून खेळणारा संगणक बंद करील.)

येथे महाभारतातील नलाची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्यूतात राज्य घालवलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून पाने आणि फळे किती ते सांगितले. नलाने रथ थांबवून मोजून पाहिले तो आकडा बरोबर निघाला. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात नलाने त्याच्याकडून अक्षहृदय घेतले, आणि ते मिळताच त्याच्या शरीरातला कली बाहेर पडला. त्याच बेहड्याची फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत. म्हणजे फाशांचे रहस्य फाशांच्याच झाडाखाली मोजणी करून मिळते. दैवाला नमस्कार करा असे कथा सांगत नाही, मोजा म्हणते. पण तिने एक गाठ तशीच ठेवली आहे. एवढी विद्या मिळाल्यावर नल पुष्कराशी पुन्हा खेळतो तो एकाच डावात सर्वस्व लावून. मोजणीचे शास्त्र खरे, पण ते खरे ठरते शंभर डावांत. एका डावात फासा फासाच राहतो.

या खेळांतील नियोजन इतके समर्थ का वाटते, त्याचे उत्तर या गाठीतच आहे. ‘युरोपा’ खेळणारा हा राजा नसतो, मंत्रीही नसतो. तो पावणेचारशे वर्षे जगणारा, राजे येवोत-जावोत, खजिन्यावर डोळा ठेवून बसलेला एक अमर कारभारी असतो. त्याच्या वाट्याला हजारो फासे येतात; वाईट आणि चांगले शेवटी एकमेकांना खातात, आणि शिल्लक राहते ती त्याची आखणी. त्याच संस्थेच्या ‘क्रुसेडर किंग्ज’ या दुसऱ्या खेळमालिकेत खेळणाऱ्याला देह दिलेला आहे: तो आजारी पडतो, म्हातारा होतो, मरतो, आणि पुढे आपल्या वारसाच्या रूपाने खेळतो, वारस नसेल तर खेळ संपतो. तेथे नियोजन लगेच केविलवाणे दिसू लागते. चेझारे बोर्जाने माकियाव्हेलीला जे सांगितले ते या देहधारी खेळाचेच वर्णन आहे. पिता पोप अलेक्झांडर वारल्यावर काय काय घडू शकेल याचा त्याने विचार केला होता आणि प्रत्येकावर उपाय योजला होता. पित्याच्या मृत्यूच्या वेळी, ऑगस्ट १५०३ मध्ये, आपण स्वतःच मरणपंथाला लागलेले असू, हे तेवढे त्याच्या मनात आले नव्हते. बेतात चूक नव्हती. फासा एकच होता.

प्राध्यापकांना हे सगळे वाचून ठाऊक होते. पण ते टोचले एका किरकोळ जागी. खेळाच्या आरंभीच्या काळाची माहिती नातीला सांगताना ते लाडिस्लाउसपाशी आले. हा ऑस्ट्रियाच्या आल्ब्रेख्टचा मुलगा, बाप वारल्यावर चार महिन्यांनी, १४४० साली जन्मलेला. फ्रेडरिकच्या ताब्यात वाढत असलेला. वार्नाच्या लढाईने ज्याला हंगेरीचे सिंहासन मोकळे करून दिले तो हाच. आणि १४५७ मध्ये सतरा वर्षांचा असताना निपुत्रिक वारलेला. “म्हणजे आपल्या सवाई माधवरावांसारखाच,” नात म्हणाली. शाळेतला एक धडा तिच्या लक्षात राहिला होता. प्राध्यापक काही बोलले नाहीत.

कारण ते साम्य तिच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ खोल होते. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंचे सारे कारस्थान उभे होते ते पुरंदरावर गंगाबाईला मुलगा होईल या एका आशेवर. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. मुलगी झाली असती तर नाना फडणवीस हे नाव पाठ्यपुस्तकात कोणत्या रकान्यात असते? चाळीस दिवसांच्या त्या अर्भकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि नानांनी एकवीस वर्षे त्याच्याभोवती पट मांडला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम नमला. आखणीला याहून मोठे यश येत नाही. ऑक्टोबरात तो तरुण पेशवा शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडला आणि दोन दिवसांनी वारला. अपघात की आत्मघात, हा वाद आहेच. मूलबाळ नव्हते. ज्या घराला गादीपासून दूर ठेवण्यासाठी सारा खटाटोप होता, त्या राघोबादादांचा मुलगा बाजीराव गादीवर आला. १८०० मध्ये नाना गेले, १८१८ मध्ये पेशवाई. आरंभी एक फासा, अखेरीस एक फासा, आणि मधल्या एकवीस वर्षांच्या नियोजनाला इतिहासाने ‘साडेतीन शहाण्यां’त जागा दिली.

त्या रात्री प्राध्यापकांनी कपाटातून आपली जुनी टिपणे काढली. ‘मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे’ या मथळ्याखाली अकरा मुद्दे होते: सरदारांची फूट, कवायती फौजेचे परावलंबन, तोफखान्याची हेळसांड, महसुलाची अव्यवस्था, आणि असेच पुढे. प्रत्येक मुद्दा खरा होता, आजही खरा आहे. १७९५चा अपघात त्यांत कोठे नव्हता; तो केवळ दोन मुद्द्यांच्या मधल्या एका वाक्यात, ‘दरम्यान’ या शब्दानंतर आला होता. ज्या विद्यार्थ्यांनी तो कारण म्हणून लिहिला असेल, त्यांचे गुण आता कोण वाढवणार? टिपणे त्यांनी टेबलावरच राहू दिली.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्री खेळ सतराव्या शतकाच्या मध्यात पोचला होता. आर्चड्यूक अठ्ठावन्न वर्षांचा. त्याचा एकुलता एक मुलगा कारभारात पाच, परराष्ट्रनीतीत सहा, युद्धात चार, म्हणजे लाखांत एक. तीस वर्षांच्या सोयरिकी त्या मुलाच्या नावावर गुंफलेल्या होत्या. पडद्यावर एक चौकट उमटली: युवराज शिकारीत अपघाताने मरण पावला. खाली एकच बटण होते.

नातीने सवयीने हात पुढे केला. “थांबा आबा, मागचा उघडून देते. दोनच वर्षांपूर्वीचा आहे.”

“राहू दे,” प्राध्यापक म्हणाले.

“अहो, पण वारस नाहीये आता. शेजारचे गादीवर हक्क सांगतील. सगळा डाव जाईल.”

त्यांनी चौकट बंद केली. नकाशा होता तसाच होता, नुसती तारीख थांबलेली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “हे महाराज वारले तर गादीवर कोण येतं?”

“ते ठरलेलं नसतं.”

“मग थांबलेलंच असू दे जरा,” ते म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून खुर्ची पुढे सरकवली. “खजिन्यात किती आहेत, ते दाखव आधी.”